धंद्याच्या नावाचा ट्रेडमार्क: नाव ठरवण्यापासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंत

गुमास्ता निघाला, उद्यम नोंदणी झाली, जीएसटी क्रमांक आला, पाकिटावर एफएसएसएआयचा नंबर छापला गेला. एवढं झालं की नाव आपलं झालं, असं बहुतेक छोटे उद्योजक धरून चालतात. यातला एकही कागद नावाचा हक्क देत नाही. शॉप अ‍ॅक्टचा कागद सांगतो की अमुक पत्त्यावर अमुक धंदा चालतो. एफएसएसएआयचं लायसन्स खाद्यपदार्थ बनवायची आणि विकायची परवानगी देतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, तरी कंपनीचं नाव मंजूर होणं वेगळं आणि तेच नाव मसाल्याच्या पाकिटावर फक्त तुम्हीच वापरू शकणं वेगळं. पाकिटावरच्या नावाची नोंदणी ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ या कायद्याखाली होते. ती करणाऱ्या ट्रेड मार्क्स रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधले अर्ज याच कार्यालयाच्या अखत्यारीत येतात.

ऑनलाइन अर्ज भरणं हे या सगळ्यातलं सोपं काम आहे. तासाभरात होतं. नोंदणी मिळणार की अडकणार, हे त्याआधीच्या तीन गोष्टींवर ठरतं: नाव कसं आहे, कोणत्या मालासाठी मागितलं आहे आणि ते वापरल्याचे पुरावे हाताशी आहेत का. म्हणून या लेखात अर्जापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामावर जास्त लिहिलं आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, साताऱ्यात एक बाई घरी कांदा-लसूण मसाला, मेतकूट आणि लोणची करतात, माल पुण्या-मुंबईला जातो आणि आता त्यांना ब्रँड नोंदवायचा आहे.

नाव: नव्वद टक्के भांडणं इथेच टळतात

मालाचं वर्णन करणारं नाव कायद्याला चालत नाही. कलम ९ म्हणतं की मालाचा प्रकार, गुण, दर्जा किंवा ठिकाण सांगणारे शब्द सगळ्यांचे आहेत, ते एकाला देता येणार नाहीत. 'अस्सल घरगुती मसाले', 'रुचकर', 'शुद्ध', 'झणझणीत' ही नावं गिऱ्हाइकाला आवडतात, पण अर्ज तपासणाऱ्या रजिस्ट्रीच्या परीक्षकासमोर टिकत नाहीत. शब्द मराठी आहे म्हणून परीक्षकाला अर्थ कळणार नाही, या भरवशावर राहू नका.

आडनावाचं तसंच. आडनाव नोंदवता येतं, पण त्याच आडनावाचे इतर लोक प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरत असतील तर कलम ३५ त्यांना संरक्षण देतं. जोशी, पाटील, कुलकर्णी या नावांनी आधीच एवढे अर्ज पडलेले असतात की नवीन अर्जाला साम्याची हरकत जवळजवळ ठरलेली. देवांच्या नावांचीही गर्दी आहे. 'श्री लक्ष्मी मसाले' हे नाव श्रद्धेने ठेवलं जातं हे खरं, पण लक्ष्मी नावाचे अर्ज शेकड्यांनी असताना तुमची लक्ष्मी वेगळी कशी, हे सांगणं अवघड होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अगरबत्तीसाठी मागितलेल्या 'रामायण' या नावाबद्दल निकाल दिला. पवित्र ग्रंथाचं नुसतं नाव मालाचा ट्रेडमार्क म्हणून कोणा एकाला मिळू शकत नाही, असं त्यात स्पष्ट केलं.

महाराष्ट्रात एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवायला हवी. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हं व नावांचा गैरवापर रोखणाऱ्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे व्यापारी चिन्ह म्हणून त्यांचा वापर आणि नोंदणी दोन्ही बंद. आदरापोटी ठेवलं असलं तरीही. पाकिटं छापून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

गावाच्या नावाचा मोहही आवरा. 'कोल्हापुरी', 'सातारी', 'मालवणी' हे शब्द मसाल्याचं मूळ किंवा चव सांगतात, त्यावर एकट्याचा हक्क मिळत नाही. काही नावं तर भौगोलिक मानांकन म्हणून वेगळ्या कायद्याखाली नोंदलेली आहेत. हापूस, कोल्हापुरी गूळ, वायगाव हळद, गोव्याची फेणी ही त्यातली. त्या नावांचा हक्क त्या भागातल्या उत्पादकांचा सामायिक असतो. तुम्ही त्या भागात तेच पीक किंवा माल काढत असाल तर मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवा, आणि स्वतःचा ब्रँड वेगळ्या नावाने करा. दोन्ही एकाच पाकिटावर सुखाने नांदतात.

मग ठेवायचं काय? मालाशी संबंध नसलेला साधा शब्द, किंवा घडवलेला नवा शब्द. मसाल्याला 'उंबरठा' म्हणा, 'पारवा' म्हणा. या शब्दांचा तिखटाशी काही संबंध नाही म्हणूनच ते कायद्याच्या दृष्टीने बळकट. (ही नावं फक्त समजावण्यासाठी घेतली आहेत, ती मोकळी आहेत असं धरू नका.) अशा नावाला सुरुवातीला गिऱ्हाईक थोडं बिचकतं, कारण त्यातून माल कळत नाही. ते काम नावाखालच्या ओळीला करू द्या: 'उंबरठा', आणि खाली बारीक अक्षरात 'कांदा-लसूण मसाला'. नाव बळकट, वर्णन मोकळं.

शोध: कानाने घ्या, डोळ्याने नाही

आयपी इंडियाच्या सरकारी संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च फुकट आहे. ट्रेडमार्कचे एकूण ४५ वर्ग आहेत. १ ते ३४ मालाचे, ३५ ते ४५ सेवांचे. शोध एका वेळी एका वर्गात होतो, म्हणून आपला वर्ग आणि त्याच्या शेजारचे वर्ग असं सगळीकडे फिरावं लागतं.

बहुतेक जण नाव एकदा टाइप करतात, काही दिसत नाही म्हणून खूश होतात, आणि इथेच चुकतं. मराठी शब्द रोमन लिपीत पाच प्रकारे लिहिला जातो. 'स्वाद' घ्या. कोणी व्ही लावतो, कोणी डब्ल्यू. कोणी एक ए लिहितो, कोणी दोन. शेवटी कोणी आणखी एक ए जोडतो. प्रत्येक स्पेलिंग टाकून बघायचं. 'वर्डमार्क' शोधात 'सुरुवातीला' हा पर्याय न ठेवता 'मध्ये कुठेही' हा पर्याय ठेवा, म्हणजे 'श्री स्वाद', 'स्वादम', 'महास्वाद' अशीही नावं समोर येतील. त्यानंतर 'फोनेटिक' शोध, तो उच्चारावर चालतो. लोगोत चित्र असेल तर 'व्हिएन्ना कोड'ने, म्हणजे चित्रांच्या प्रकारांना दिलेल्या क्रमांकाने, चित्रांचा शोध.

साम्य कसं मोजतात हे समजायला 'अमृतधारा'चा जुना निकाल अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या दोन औषधांच्या नावांत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये फसवं साम्य मानलं. न्यायालयाने विचार केला तो साध्या गिऱ्हाइकाचा. तो शब्दाची फोड करून अर्थ लावत बसत नाही, त्याला नाव अर्धवट आठवतं, आणि त्या अर्धवट आठवणीवर तो दुकानात मागणी करतो. तुमचं नाव शेजारच्या माणसाला फोनवर सांगा आणि त्याने काय ऐकलं ते विचारा. ही कसोटी घरबसल्या करता येते.

सरकारी यादीत नाव नसलं तरी बाजारात असू शकतं, आणि बाजारात आधी असलेल्याला कायदा मानतो. गूगल, इन्स्टाग्राम, अ‍ॅमेझॉन, जवळच्या मॉलमधली मसाल्याची फळी, कंपन्यांच्या नावांची सरकारी यादी, सगळं चाळा. एखादं नाव खूप जवळचं दिसलं तर त्याला चिकटून राहू नका. या टप्प्यावर नाव बदलायला खर्च नाही. पाच वर्षांनी बदलायला धंदा मोजावा लागतो.

वर्ग आणि मालाचं वर्णन

साताऱ्याच्या उदाहरणात मसाला, मेतकूट, सुक्या चटण्या वर्ग ३० मध्ये येतात. लोणचं मात्र वर्ग २९ मध्ये. उद्या कोकम सरबत काढलं तर वर्ग ३२. खाणावळ किंवा मिसळीचं दुकान उघडलं तर वर्ग ४३. ताजी फळं, कच्चा शेतमाल वर्ग ३१. साबण-उटणं वर्ग ३, कपडे वर्ग २५, क्लास किंवा प्रशिक्षण वर्ग ४१. दुसऱ्यांचा माल तुमच्या नावाच्या दुकानातून विकणं ही सेवा धरली जाते, तिचा वर्ग ३५.

फी वर्गामागे लागते, त्यामुळे सगळीकडे नोंदवायचा मोह परवडणारा नसतो. आज जो माल विकता आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत जो नक्की काढणार, तेवढेच वर्ग घ्या.

वर्गाच्या आत मालाचं वर्णन लिहिताना अनेक एजंट वर्गाचं आख्खं शीर्षक चिकटवतात. मसाला विकणाऱ्याच्या अर्जात कॉफी, पाव, आइस्क्रीम, बर्फ सगळं येतं. याने संरक्षण वाढतं असं वाटतं, पण प्रत्यक्षात जितका जास्त माल लिहाल तितक्या जास्त लोकांशी तुमची गाठ पडते. शिवाय न वापरलेल्या मालाचा हक्क टिकत नाही. 'चारमिनार' हे नाव तयार तंबाखू अशा मोठ्या वर्णनाखाली नोंदलेलं होतं, वापर मात्र सिगारेटपुरता होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद सिगारेटपुरती आखडली. कर्नाटकातल्या 'नंदिनी' दुधाच्या संघाने 'नंदिनी डिलक्स' या उपाहारगृहाच्या नावाला हरकत घेतली, तेव्हाही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वर्ग एक असला म्हणून त्यातल्या सगळ्या मालावर एकाची मक्तेदारी होत नाही. म्हणून वर्णन नेमकं लिहा: 'मसाले, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, सुक्या चटण्या'. अर्ज दिल्यावर यातला माल कमी करता येतो, नवीन घालता येत नाही, हेही ध्यानात ठेवूनच यादी करा.

शब्द की लोगो

पैसे एकाच अर्जाचे असतील तर शब्द नोंदवा. शब्दाच्या नोंदणीत अक्षरांचा घाट, रंग यांचं बंधन राहत नाही. लोगो पाच वर्षांत बदलतो, नाव राहतं. लोगोही नोंदवायचा असेल तर तो काळ्या-पांढऱ्यात द्या. रंगाची मर्यादा न घालता केलेली नोंदणी सगळ्या रंगांना लागू धरली जाते. चित्राचा आकार ८ सेंटिमीटर गुणिले ८ सेंटिमीटरच्या आत हवा.

लोगो दुसऱ्याकडून करून घेतला असेल तर एक कागद आजच करून घ्या. पैसे दिले म्हणजे चित्राचा कॉपीराइट तुमचा झाला असं होत नाही. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा पहिला मालक तो डिझायनर. हक्क तुमच्या नावे केल्याचा लेखी, सहीचा करार हवा. आणि त्या करारात मुदत स्पष्ट लिहा, कारण मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायदा ती फक्त ५ वर्षांची धरतो. हे कलम बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मालक कोण

अर्ज कोणाच्या नावावर करायचा, हा प्रश्न घरात बसून शांतपणे सोडवा. बाई मसाला करतात, यजमान डिलिव्हरी बघतात, मुलगा इन्स्टाग्राम सांभाळतो आणि अर्ज मुलाच्या नावावर पडतो, असं खूप होतं. कायद्यापुढे मग मालक मुलगा. पुढे वाटणीच्या वेळी याच एका ओळीवरून भाऊबंदकी सुरू होते. एकल मालकीचा धंदा असेल तर अर्ज व्यक्तीच्या नावाने, पुढे धंद्याचं नाव. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांची नावं. कंपनी असेल तर कंपनीच्या नावाने. आज व्यक्तीच्या नावावर आहे आणि उद्या कंपनी काढली, तर ट्रेडमार्क आपोआप कंपनीकडे जात नाही. तो लेखी करारानं हस्तांतरित करून रजिस्ट्रीत टीएम-पी फॉर्मवर नोंदवावा लागतो.

बचत गटांना इथे विशेष काळजी हवी. गटाचं नाव अध्यक्षांच्या व्यक्तिगत नावावर नोंदवलं, अध्यक्ष बदलल्या, आणि ब्रँड जुन्या अध्यक्षांकडे राहिला, अशी वेळ येऊ देऊ नका. अनेक गट मिळून एक नाव वापरणार असतील तर संस्था नोंदवून सामूहिक चिन्हासाठी अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. त्यात वापराचे नियम लिहून द्यावे लागतात. त्या निमित्ताने कोण वापरू शकतं, दर्जा कोण बघतं, हे सगळं कागदावर येतं आणि त्याचा गटाला पुढे फायदाच होतो.

वापराचे पुरावे: आजपासून फाइल करा

अर्जात दोनपैकी एक सांगावं लागतं. नाव अजून वापरायचं आहे, किंवा अमुक तारखेपासून वापरात आहे. आधीपासून वापरात असल्याचं लिहिलं की सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडणं २०१७ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.

या तारखेला वजन का, हे तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' प्रकरणात दिसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षाही वरचा ठरू शकतो. म्हणजे तुम्ही दहा वर्षं नाव वापरलंत आणि दुसऱ्याने काल नोंदवलं, तरी तुमचा हक्क बुडत नाही. पण तो सिद्ध तुम्हालाच करावा लागतो, आणि तेही न्यायालयात. ते किती लांबतं? पुण्यातल्या 'बर्गर किंग' उपाहारगृहावर त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये दावा लावला. पुणे जिल्हा न्यायालयाने तो २०२४ मध्ये फेटाळला, आणि कंपनी पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेली. तेरा वर्षं लढून पहिला निकाल. हे प्रत्येक छोट्या व्यावसायिकाला झेपणारं नाही, म्हणून नोंदणी लवकर केलेली बरी.

पुरावा म्हणजे तारीख आणि ब्रँडचं नाव दोन्ही असलेला कागद. पाकिटं छापून घेतल्याचं प्रिंटरचं बिल, नाव छापलेली विक्रीची बिलं, भीमथडी जत्रा किंवा महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती आणि फोटो, वर्तमानपत्रातली जाहिरात, सोशल मीडियावरची जुनी पोस्ट, कुरिअरच्या पावत्या. बिलावर फक्त 'मसाला २ किलो' लिहिलेलं असेल तर त्याचा ब्रँडसाठी उपयोग नाही. आजपासून बिलावर ब्रँडचं नाव छापायला लागा. आणि जी तारीख सिद्ध करता येते तीच लिहा. आजीच्या काळापासून मसाला करत असाल, पण 'उंबरठा' हे नाव २०२१ पासून असेल, तर तारीख २०२१ चीच. खोटी तारीख पुढे उघडी पडली तर आख्ख्या अर्जावर संशय येतो.

अर्ज आणि फी

फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन भरल्यास व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि लघुउद्योगाला दर वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. कागदी अर्जाला अनुक्रमे ५,००० आणि १०,०००. भागीदारी किंवा कंपनीला सवलत हवी असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

साताऱ्याच्या बाईंना वर्ग २९ आणि ३० मिळून ९,००० रुपये सरकारी फी पडेल. दोन्ही वर्ग एका अर्जात टाकता येतात, पण फी तेवढीच लागते. माझा सल्ला दोन वेगळे अर्ज करा. एका वर्गात हरकत आली तर दुसरा तिच्यासाठी खोळंबून राहत नाही.

स्वतः भरायचा तर आयपी इंडियाच्या ई-फायलिंग पोर्टलवर खातं काढावं लागतं आणि डिजिटल सिग्नेचर लागते. मालकाचं नाव-पत्ता, नाव किंवा लोगो, वर्ग, मालाचं वर्णन, वापराची तारीख, प्रतिज्ञापत्र, एवढंच भरायचं असतं. मराठी शब्दाचा रोमन उच्चार आणि इंग्रजी अर्थ अर्जात नीट लिहा, परीक्षकाला अंदाज बांधायला लावू नका. वकील किंवा ट्रेडमार्क एजंटामार्फत भरणार असाल तर त्यांना अधिकारपत्र द्यावं लागतं. दर ठरवताना नीट विचारा. जाहिरातीतल्या आकड्यात सरकारी फी आहे का, परीक्षण अहवालाचं उत्तर त्यात धरलं आहे का, सुनावणीला कोण जाणार. आणि अर्जात ईमेल तुमचाही असू द्या, फक्त एजंटाचा नको. पुढे त्या ईमेलवरच सगळं अवलंबून आहे.

अर्ज गेला की लगेच नंबर मिळतो. त्या दिवसापासून नावाच्या कोपऱ्यात टीएम ही अक्षरं लावता येतात. खरं तर ती अर्जाआधीही लावता येतात. गोलातला आर मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र आल्यावरच. आधी लावणं हा कायद्याचा भंग आहे.

परीक्षण अहवाल: इथे सर्वांत जास्त अर्ज मरतात

काही काळाने ऑनलाइन स्थितीत 'ऑब्जेक्टेड' असा शब्द दिसतो आणि लोक घाबरतात. याचा अर्थ नामंजूर नाही. परीक्षकाने प्रश्न विचारले आहेत, एवढंच. अहवाल ईमेलने येतो आणि ईमेल पाठवला की तो मिळाला असंच धरतात. मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं आणि फीही जाते. ईमेल स्पॅममध्ये पडला, एजंटाने कळवलं नाही, ही कारणं चालत नाहीत. म्हणून महिन्यातून एक-दोनदा अर्जाच्या नंबरने स्थिती स्वतः तपासत जा.

हरकत दोन प्रकारची असते. कलम ९ ची, म्हणजे नाव वर्णनात्मक आहे. कलम ११ ची, म्हणजे आधीच्या कुणाच्या नावासारखं आहे. कलम ११ च्या अहवालात आधीच्या अर्जांची यादी जोडलेली असते. ती बघून हातपाय गाळू नका, एकेक नंबर घेऊन बसा. समजा 'उंबरठा'च्या अहवालात चार नावं आली. पहिल्याची स्थिती बघितली तर 'अबॅन्डन्ड', म्हणजे तो अर्ज केव्हाच मेला आहे. दुसऱ्याची मुदत संपून नूतनीकरणाचा काळही उलटून गेला आहे. तिसरा त्याच वर्गात आहे, पण फक्त बिस्किटं आणि पावासाठी. चौथा मसाल्यासाठीच आहे आणि चालू आहे. पहिल्या दोन हरकती एका ओळीत सुटतात, स्थितीची प्रत जोडा आणि सांगा. तिसऱ्यासाठी माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं, विक्रीची जागा वेगळी हे मांडा, गरज पडल्यास तुमचा माल 'फक्त मसाले व चटण्या' असा मर्यादित करा. खरी झुंज चौथ्याशी. नाव ऐकायला, दिसायला, अर्थाला वेगळं कसं ते दाखवा. तुमचा वापर त्याच्या आधीचा असेल तर पुरावे पुढे करा. दोघंही प्रामाणिकपणे बराच काळ वापरत असाल तर कलम १२ खाली दोघांनाही नोंदणी देण्याची मुभा आहे. कधीकधी समोरच्याकडून लेखी संमतीही मिळते, विचारून बघायला हरकत नाही.

कलम ९ चं उत्तर वेगळं असतं. नाव थोडं वर्णनात्मक असलं तरी सततच्या वापराने लोक ते तुमच्याच मालाशी जोडतात, हे दाखवावं लागतं. वर्षवार विक्री, जाहिरातीचा खर्च, गिऱ्हाइकांची पत्रं, बातम्या. आधी सांगितलेली फाइल इथे कामाला येते.

उत्तर पटलं नाही तर सुनावणी लागते, ती व्हिडिओवर होते. तारीख चुकवू नका.

जर्नल, हरकतदार आणि प्रमाणपत्र

परीक्षकाचं समाधान झालं की नाव ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापलं जातं. हे जर्नल दर आठवड्याला ऑनलाइन निघतं. छापल्याच्या तारखेपासून ४ महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. ही मुदत वाढत नाही. विरोध आला तर त्याची नोटीस मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिउत्तर द्यावंच लागतं, नाहीतर अर्ज गेला. मोठी कंपनी विरोधात उभी राहिली तर इथे मात्र जाणकार वकील घ्या, आणि तडजोडीचा पर्यायही उघडा ठेवा. पुष्कळ विरोध माल मर्यादित करून किंवा लोगोत बदल करून मिटतात.

याच जर्नलवर तुम्हीही नजर ठेवू शकता. तुमच्यासारखं नाव दुसऱ्याने मागितलं तर टीएम-ओ फॉर्मवर ऑनलाइन २,७०० रुपयांत विरोध करता येतो. नंतरच्या खटल्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

विरोध नसेल तर प्रमाणपत्र ऑनलाइन येतं, त्याची वेगळी फी नाही. सगळं सुरळीत गेलं तरी अर्जापासून वर्षाच्या आसपासचा काळ धरून चला. घाई असेल तर जलद परीक्षणाची सोय आहे, पण व्यक्ती आणि लघुउद्योगालाही त्यासाठी २०,००० रुपये मोजावे लागतात. छोट्या धंद्याला मी तो खर्च सुचवणार नाही, कारण हक्क तसाही अर्जाच्या तारखेपासूनच धरला जातो.

या काळात काही खासगी संस्थांकडून सरकारी वाटावीत अशी पत्रं येतात: अमुक रजिस्टरमध्ये तुमचं नाव छापू, इतके डॉलर भरा. पैसे भरू नका. सरकारी फी फक्त सरकारी पोर्टलवर भरली जाते.

नोंदणीनंतर

नोंदणी १० वर्षांची, अर्जाच्या तारखेपासून. संपायच्या आधीच्या वर्षात टीएम-आर फॉर्मवर नूतनीकरण करा, ऑनलाइन दर वर्गाला ९,००० रुपये. इथे व्यक्तीला सवलत नाही. तारीख चुकली तर ६ महिन्यांपर्यंत जादा शुल्क भरून चालतं, त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत पुनर्स्थापना, म्हणजे नाव परत नोंदीत घेणं, मागता येते, पुढे नाव जातं. पत्ता बदलला, फोन बदलला तर रजिस्ट्रीत कळवा.

नाव वापरत राहा. नोंदणीनंतर सलग ५ वर्षं आणि वर ३ महिने वापर नसेल तर कोणीही ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो. आणि नोंदवलं त्याच रूपात वापरा. पाकिटावर नाव बदलून लिहिलंत तर नोंदणीतलं नाव वापरात नाही असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

नक्कल सापडली तर पहिल्यांदा गुपचूप माल विकत घ्या, बिलासकट. फोटो काढा, दुकानाचं नाव-तारीख लिहून ठेवा. मग वकिलामार्फत नोटीस. बऱ्याच वेळा छोटा नक्कलखोर नोटिशीनेच थांबतो. ऑनलाइन विक्री असेल तर त्या संकेतस्थळाकडे नोंदणी क्रमांकासह तक्रार करा, माल तिथून हटवला जातो. थांबला नाही तर दावा, आणि तो तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्यातच लावता येतो. साताऱ्याच्या बाईंना दिल्लीच्या नक्कलखोरासाठी दिल्लीला जावं लागत नाही. नक्कल हा फौजदारी गुन्हाही आहे. खोटा ट्रेडमार्क लावण्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा कायद्यात आहे.

भारतातली नोंदणी भारतापुरतीच. दुबईला किंवा अमेरिकेतल्या मराठी मंडळांना माल पाठवत असाल तर तिथे वेगळी नोंदणी लागते. भारत २०१३ पासून माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे इथल्या अर्जाच्या आधारावर मुंबईतूनच एका अर्जाने अनेक देश मागता येतात, अमिराती आणि अमेरिका दोन्ही त्यात आहेत. फक्त पहिली ५ वर्षं तो अर्ज इथल्या अर्जावर टेकलेला असतो, इथला पडला तर तिथलाही पडतो. म्हणून परदेशी अर्ज इथल्या परीक्षण अहवालाचा निकाल लागल्यावर करा. अर्जानंतर ६ महिन्यांच्या आत केला तर मूळ तारखेचा अग्रक्रम मिळतो. तेवढी घाई नसेल आणि पहिला कंटेनर अजून जायचा असेल, तर इथला निकाल येऊ द्या.